ग

झाशीहून परतताना खिडकीवर
मी मुरैन्याचं तिकीट काढायचो.
म ओठांवरच असतो, ढकललं की उघडतो.
ग घशात, आतून कडी लावून.
ग्वाल्हेर आलं की पिशवी घेऊन उतरायचो
आणि माझ्या पैशांची एक रिकामी जागा
चंबळच्या दिशेने पुढे जायची.
तेवीस वर्षं. हिशोब केला नाही,
केला तर त्यात एक स्कूटर निघेल.

मला रेवडी आवडते असं घरात सगळे समजतात.
लश्करात थंडी पडली, दुकानांपुढे
तीळ कुटायचे ठोके सुरू झाले
की मी रेवडीचाच पुडा आणतो.
मुलीचं नाव रेवा.
आई म्हणत होती, गोदा ठेव, माझ्या आईचं.
मी म्हटलं, जुनाट वाटतं.
न अडखळता बोललेलं
माझं सर्वांत मोठं खोटं.

ऑफिसात म्हणतात, मुळ्येजींची हिंदी बघा,
काय साहित्यिक!
गाडी नाही, वाहन.
गलती नाही, त्रुटी.
कुणाला ठाऊक नाही
की हा सगळा शब्दसंग्रह
पळवाटांचा नकाशा आहे.
गप्प मात्र गप्पच राहतो,
तो उच्चारावा लागत नाही.

जयेंद्रगंजात, दातांच्या दवाखान्याच्या वर,
आपटीकर नावाची मुलगी बसते,
रेवापेक्षा चार वर्षांनी मोठी असेल.
मला वाटलं, जिभेखाली गोटी ठेवायला सांगेल,
मिठाच्या गुळण्या.
ती म्हणाली, काका, बोलता यावं म्हणून आलात,
की आणखी छान लपता यावं म्हणून?
मी फी विचारली. फ सोपा.
तिने गृहपाठ दिला:
गजकच्या दुकानात जा. मुद्दाम अडखळा.
आणि नजर खाली नको.

तीन रविवार मी दुकानासमोरून चालत गेलो.
चौथ्या रविवारी पायरी चढलो.
बोलो भाईसाब, म्हणता म्हणता
दुकानदाराचा हात सवयीने
रेवडीच्या बरणीकडे गेला.
रेवडी माझ्याही जिभेवर तयार उभी होती,
बूट घालून, केस विंचरून.
मी मान हलवली.
ग.
ग.
मोगरी घेतलेला पोरगा थांबला.
मागे कुणाच्या बांगड्या थांबल्या.
मानेची शीर, कानात रक्त,
आणि तराजूचा काटा, जो थोडा डावीकडे झुकलेला आहे
हे मला पन्नास वर्षांत कधी दिसलं नव्हतं,
कारण मी वर बघतच नसे.
शब्द सुटला नाही, तुटला,
वाटेल तिथून, पापडीसारखा.
कितना, त्याने विचारलं.
बस, इतकंच विचारलं.

घरी बायकोने पुडा उघडला.
रेवडी संपली होती का हो?
जानेवारीत माझा सदरा पाठीला चिकटलेला.
मी गजकचा तुकडा मोडला,
दाताखाली तो बराच वेळ वाजत राहिला.
सांगितलं तिला. जेवणं थंड झाली.
रेवाला अजून सांगितलेलं नाही.

ग मोकळा झाला असं समजू नका.
तो तिथेच आहे, कडी तीच.
मी मागच्या गल्लीने जायचं सोडलंय, एवढंच.

आता तिकीट मोबाईलवर निघतं,
तोंड उघडावं लागत नाही.
म्हणूनच मी रांगेत उभा राहतो.
परवा झाशीचा बाबू कंटाळला.
गुना? त्याने मदत केली. गाझियाबाद?
मागचा माणूस घड्याळ बघत होता,
त्याच्या मागचा मला.
मी हात वर केला, म्हणजे थांबा,
आणि मीही थांबलो, त्या अक्षरापाशी,
पूर्ण आवाजात.

गाडी चुकली.
पुढची दीड तासाने होती.
बाकावर बसून, खारे दाणे खात,
मी ते तिकीट पुन्हा पुन्हा वाचलं.
मुरैन्यापेक्षा स्वस्त पडलं.